समुद्राची रोजकीर्द

मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक खोदण्याचे काम चालू असता, १८७८ च्या सुमारास, मजुरांच्या कुदळींना चिखलाच्या थराखाली लाकूड लागू लागले. पुढे रीतसर मोजदाद झाली तेव्हा खोडांची संख्या ३८२ भरली. आणि त्यांपैकी २२३ खोडे कोठून वाहून आलेली नव्हेत, तर मुळे जमिनीत रोवून जागच्या जागी उभी होती. लाकूड खैराचे ठरले. खैर हा कोकणच्या माणसाला परका वृक्ष नव्हे. त्याच्या गाभ्याचा कात घरोघरच्या पानदानात असे, आणि हा डोंगरउताराचा वृक्ष भरतीओहोटीच्या खाऱ्या चिखलात कधी रुजत नाही, हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञाची गरज नाही. म्हणजे जेथे पुढे आगबोटी धक्क्याला लागल्या, तेथे एके काळी कोरड्या जमिनीवर रान होते आणि ते रान समुद्राच्या पोटात गेले, एवढे निर्विवाद झाले. वाद उरला तो एवढाच, की समुद्र वर आला की जमीन खाली गेली.

जमीन खचली असावी, असा कौल त्या काळी बहुतेक पडला. परंतु किनाऱ्यावर उभे राहून या प्रश्नाचा निवाडा करणे मुळातच दुर्घट आहे, कारण किनारा म्हणजे जमीन आणि पाणी या दोन पक्षांमधली हद्द. आणि हद्द सरकली एवढे दिसले, तरी कोणी सरकवली हे हद्दीचा दगड सांगत नाही. ज्या अपरान्ताच्या, म्हणजे कोकणच्या, जन्मकथेत परशुरामाच्या बाणाने समुद्र मागे हटतो, त्याच अपरान्ताच्या एका बेटावर बुडालेले रान सापडावे, यात विसंगती काही नाही. दोन्ही गोष्टींत हद्द हललेली आहे, एवढेच. जगात इतरत्रही हाच अनुभव येतो. बोथनियाच्या आखाताचा किनारा आजही काही ठिकाणी वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर उचलला जात आहे, कारण हिमयुगात त्याच्या उरावर बसलेल्या बर्फाचे ओझे उतरून दहा हजार वर्षे होत आली तरी तेथील भूकवच अद्याप पूर्ववत झालेले नाही. तेथल्या रहिवाशाला विचाराल, तर समुद्र ओसरतो आहे असेच तो सांगेल, आणि त्याच्यापुरते ते खरेही आहे.

तेव्हा समुद्राच्या पातळीचा खरा इतिहास हवा असेल, तर जमिनीच्या हालचालींशी ज्याचा काही लागाबांधा नाही असा साक्षीदार शोधला पाहिजे. समुद्रातल्या एकूण पाण्याचीच जमाबंदी ज्याने लिहून ठेवली आहे, असे दफ्तर मिळाले पाहिजे. असे दफ्तर आहे. ते खोल समुद्राच्या तळाशी, चिखलात पुरलेल्या, खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशा असंख्य चुनकवचांच्या रूपाने पडून आहे, आणि ते वाचण्याची विद्या गेल्या पाऊणशे वर्षांत मनुष्याने संपादन केली आहे. या विद्येचा सगळा कस कोठे लागला, हे मात्र आरंभीच सांगितले पाहिजे. हिशेबनीस मंडळी रोजकीर्द आणि खतावणी यांत भेद करतात. रोजकीर्दीत जो व्यवहार जसा घडला तसा, एकाखाली एक, टिपला जातो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावे वेगळा घातला जातो. समुद्रातले कवच रोजकीर्द लिहिते, आणि तीही अशी की दोन वेगळ्या खात्यांची रक्कम एकाच आकड्यात मिसळून. खतावणी त्याने आपल्यावर सोडली आहे.

ही लिपी आहे ऑक्सिजनच्या समस्थानिकांची. निसर्गातल्या ऑक्सिजनचे १०,००० अणू घेतले, तर त्यांतले सुमारे ९,९७६ अणू १६ अणुभाराचे असतात, सुमारे २० अणू १८ भाराचे, आणि उरलेले थोडे १७ भाराचे. हे तिन्ही स्थिर आहेत. कार्बन-१४ प्रमाणे काळ लोटला म्हणून त्यांचा क्षय होत नाही, आणि म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वी कवचात बंदिस्त झालेले त्यांचे प्रमाण, कवच मूळ स्वरूपात टिकले असेल तर, तसेच टिकते. रासायनिक गुणांनी हे बंधू सारखेच, फरक वजनाचा. पण एवढ्या फरकाने निसर्गाच्या दोन व्यवहारांत त्यांची वाटणी असमान होते.

पहिला व्यवहार कवच घडण्याचा. समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन प्राणी कवच रचतो तेव्हा पाण्याच्या मानाने जड ऑक्सिजन कवचात किंचित अधिक जातो, आणि पाणी जितके थंड तितका हा पक्षपात अधिक. दर अंशाला दरहजारी सुमारे ०.२ एवढा. दुसरा व्यवहार बाष्पाचा. समुद्रावरून वाफ उठते ती हलक्या ऑक्सिजनच्या रेणूंना झुकते माप देऊन. मग ते ढग ध्रुवांकडे सरकताना वाटेत जो पाऊस पडतो, त्यात जड रेणू आधी गळतात. आणि हे गळणे वाटभर चालत राहिल्यामुळे ध्रुवप्रदेशात जे हिम पडते, ते समुद्राच्या पाण्यापेक्षा दरहजारी तीस-चाळीस किंवा त्याहूनही अधिक हलके असते. हे हिम वितळून नद्यांवाटे परत आले, तर हिशेब मिटला. परंतु हिमयुगात ते परत येत नाही. जमिनीवर थरावर थर चढून त्याचे तीन-तीन किलोमीटर जाडीचे हिमस्तर होतात. हलका ऑक्सिजन तेथे ठेव म्हणून अडकून पडतो आणि मागे राहिलेला समुद्र तेवढ्या प्रमाणात जड होतो. बर्फ जितका अधिक, तितका समुद्र उथळ आणि तितकाच जड. समुद्राच्या पातळीचा आणि कवचातल्या आकड्याचा संबंध येथे जुळतो.

आता या दोन व्यवहारांतली अडचण पाहा. थंडी वाढली की कवच जड होते. बर्फ वाढला की कवच जड होते. आणि थंडी व बर्फ ही जोडीनेच येणारी आहेत. दोन्ही रकमा एकाच बाजूला जमा होतात, आणि कवच उघडून पाहणाऱ्याला दिसते ती फक्त बेरीज.

या विद्येचा पाया हॅरल्ड यूरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने घातला. जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल १९३४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले होते. महायुद्धात समस्थानिके वेगळी करण्याच्या कामात तो गुंतला होता. आणि युद्ध संपल्यावर शिकागो विद्यापीठात त्याने आपले लक्ष शांततेच्या विषयांकडे वळवले. समस्थानिकांच्या ऊष्मागतिकीवरील त्याचा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातल्या गणिताच्या पोटातूनच ही कल्पना निघाली की, चुनकवचातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून ते कवच ज्या पाण्यात घडले त्याचे तापमान काढता येईल. कल्पना कागदावर सोपी होती. पण अर्ध्या अंशाचा भेद ओळखायचा तर दहा हजारांत एक एवढा सूक्ष्म फरक मोजणारे यंत्र हवे, आणि तसे यंत्र त्या वेळी कोठेही तयार नव्हते. आल्फ्रेड निअरने रचलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये यूरीच्या सहकाऱ्यांनी सुधारणा केल्या, मॅक्रीने कवचातून वायू काढण्याची रीत बसवली, आणि सॅम्युएल एपस्टाइनने ज्ञात तापमानाच्या पाण्यात वाढलेल्या कवचांवरून तापमानाचे कोष्टक सिद्ध केले. हे सर्व चारपाच वर्षांत झाले. एका प्रयोगशाळेत एवढी माणसे एका आकड्यापायी एकदिलाने राबावीत, ही गोष्ट मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

ती रीत जवळून पाहण्याजोगी आहे. समुद्रतळातून नळीने उपसलेल्या चिखलाचा एक सेंटिमीटरचा काप घेऊन तो पाण्याने धुतात आणि अतिसूक्ष्म जाळीच्या चाळणीवर ओततात. गाळ निघून जातो आणि चाळणीवर पांढुरक्या रव्यासारखे काही उरते. ते वाळवून काळ्या तबकडीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, की रव्याचा कणन्‌कण एकेक वास्तू होऊन समोर येतो: कोणी द्राक्षांच्या घोसासारख्या फुगीर खोल्यांचे, कोणी मसुरीच्या डाळीसारखे चपटे, कोणी शंखासारखी वेटोळी घेतलेले. ही फोरॅमिनिफेरा नामक एकपेशीय प्राण्यांची घरे. त्यांतल्या काही जाती समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगत जगतात आणि मेल्यावर त्यांची कवचे खाली पडतात. काही जाती जन्मापासून तळावरच राहतात. निरीक्षक एकदोन केसांच्या टोकाएवढा बारीक कुंचला ओला करतो, हव्या त्या जातीचे कवच त्याने अलगद टिपतो आणि आखलेल्या तबकडीच्या घरात ठेवतो. कुंचला अधिक ओला असला तर कवच त्याला चिकटून राहते, कोरडा असला तर उडून जाते. मग ती कवचे शुद्ध फॉस्फोरिक अम्लात पडतात, बारीक बुडबुडे फुटतात, कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. तो द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीने गोठवून, पाण्याची वाफ वेगळी करून, स्वच्छ करून यंत्रात सोडतात. तेथे त्याचे रेणू विद्युद्भारित होऊन चुंबकाच्या क्षेत्रातून वळतात, आणि हलके अधिक, जड कमी असे वळल्यामुळे ४४, ४५ आणि ४६ भाराच्या तीन निरनिराळ्या धारा होतात. जड ऑक्सिजनचा अणू असलेले रेणू मुख्यतः ४६ च्या धारेत सापडतात.

हा आकडा कशाच्या तुलनेत मांडायचा, याचाही एक दंडक ठरवावा लागला. शिकागोच्या मंडळींनी दक्षिण कॅरोलायनातील पीडी नावाच्या खडकसमूहात सापडणारा बेलेम्नाइट, म्हणजे माकुळाच्या दूरच्या आप्ताचा बंदुकीच्या गोळीसारखा जीवाश्म, प्रमाण म्हणून घेतला. तो नमुना वापरता वापरता केव्हाच संपला. पण जगातल्या सर्व प्रयोगशाळा आजही आपले आकडे त्याच्याच हिशेबात देतात, मधल्या दुसऱ्या प्रमाणाच्या आधाराने. पायली नाहीशी झाली तरी जुन्या खातेपत्रकांतली मापे पायलीतच वाचावी लागतात, तसे हे आहे. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील अशाच एका ज्युरासिक काळच्या बेलेम्नाइटचा आडवा छेद घेऊन, त्याची वलये केंद्रापासून कडेपर्यंत एकेक करून तपासली गेली, तेव्हा या रीतीचे सामर्थ्य प्रथम लोकांच्या ध्यानी आले. त्या प्राण्याने बालपणानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले होते आणि सुमारे चार वर्षांचा होऊन तो वसंत ऋतूत मेला होता. माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी मरण पावलेल्या एका जलचराचा मृत्यूचा ऋतू सांगता यावा, याहून अधिक काय पाहिजे, असे त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही.

याच आत्मविश्वासाच्या लाटेवर चेझारे एमिलियानी पुढे आला. हा बोलोन्याचा; युद्धानंतर शिकागोस येऊन यूरीच्या मंडळात दाखल झालेला. १९४७-४८ मध्ये ‘अल्बाट्रॉस’ या स्वीडिश जहाजाने कुलेनबर्गच्या दट्ट्याच्या नळीने समुद्रतळातून कित्येक मीटर लांबीचे अखंड गाळस्तंभ काढण्याची विद्या रूढ केली होती, त्यामुळे आता लक्षावधी वर्षांचा गाळ क्रमवार हाती येऊ लागला होता. एमिलियानीने कॅरिबियन समुद्र व अटलांटिक महासागर येथील अशा स्तंभांतली पृष्ठवासी कवचे थराथराने तपासली, आणि १९५५ मध्ये त्याने जो आलेख प्रसिद्ध केला तो करवतीच्या दात्यांसारखा खालीवर जाणारा होता. उबदार टप्प्यांना त्याने विषम क्रमांक दिले, थंड टप्प्यांना सम. आपण आज ज्यात राहतो तो पहिला, शेवटचे हिमयुग दुसरा. जमिनीवरच्या पुराव्यावरून चार हिमयुगे धरण्याची जी वहिवाट पडली होती, तिला या आलेखाने कायमचा धक्का दिला. हिमयुगे चारच नव्हती, अनेक होती. क्रमांकांची ही पद्धत आजही जशीच्या तशी चालू आहे.

पण बेरजेची फोड करताना एमिलियानीने बहुतेक सर्व रक्कम तापमानाच्या खाती घातली. बर्फाच्या नावे दरहजारी सुमारे ०.४ एवढीच वजावट धरून, हिमयुगात कॅरिबियनचा पृष्ठभाग सुमारे ६ अंशांनी थंड झाला होता, असा निष्कर्ष त्याने काढला. तो खरा असता, तर कवचांना तापमापक म्हणणे योग्य झाले असते आणि समुद्राच्या पातळीविषयी ती फारसे काही सांगू शकली नसती.

या खतावणीची फेरतपासणी केंब्रिजच्या निकोलस शॅकलटनने केली. हा मनुष्य जितका यंत्रांत रमणारा तितकाच संगीतात. क्लॅरिनेट वाजवणारा आणि जुन्या क्लॅरिनेटांचा मोठा संग्राहक. त्याच्या युक्तिवादाचे मर्म एवढे सरळ आहे, की ते आधी कोणाला का सुचले नाही असे वाटावे. खोल समुद्राचे पाणी आजच एकदोन अंशांवर आहे. खारे पाणी उणे दोन अंशांच्या जवळपास गोठते. म्हणजे हिमयुगातही हे पाणी फार तर तीनचार अंश उतरू शकेल, सहा अंश नव्हे. तर मग पृष्ठवासी कवचांना सोडून तळवासी कवचांची जबानी घ्यावी: त्यांच्यात फरक थोडा आढळला तर एमिलियानी खरा, पृष्ठवासींइतकाच आढळला तर त्या फरकाचा मोठा भाग बर्फाचा. अडचण ही, की तळवासी कवचे फार विरळ असतात आणि त्या काळच्या यंत्रांना कित्येक मिलिग्रॅम पदार्थ लागे. शॅकलटनने यंत्रच इतके सुधारले, की अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतबाहेर काम भागू लागले. १९६७ मध्ये त्याने निकाल जाहीर केला. तळवासी कवचांतला चढउतार पृष्ठवासींच्या चढउताराइतकाच होता. ज्याला जग समुद्राचे तापमान समजत होते, तो आलेख मुख्यतः पृथ्वीवरच्या बर्फाचा, आणि म्हणून समुद्राच्या पातळीचा होता.

येथे वाचकाने स्वतःच एक हिशेब करून पाहावा. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. त्यातून १२० मीटर जाडीचा थर काढून जमिनीवर बर्फ करून ठेवला, तर एकूण पाण्याचा सुमारे सव्वातीन टक्के भाग गेला. गेलेले पाणी दरहजारी सरासरी ३५ ने हलके धरले, तर मागे उरलेला समुद्र दरहजारी सुमारे १.१ ने जड होतो. तळवासी कवचांत हिमयुग आणि वर्तमान यांच्यातला फरक सुमारे पावणेदोन दिसतो. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा बर्फाचा, बाकीचा थंडीचा.

शॅकलटनने आरंभी जवळजवळ सर्वच रक्कम बर्फाच्या नावे टाकली होती; तीही थोडी अधिकच होती, हे पुढे त्याने स्वतः जॉन चॅपेलच्या साहाय्याने १९८६ मध्ये दाखवून दिले. आणि अखेरचा ताळा अशा ठिकाणी मिळाला, की जेथे पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. समुद्रतळाच्या चिखलात, कित्येक मीटर खाली, कणांच्या मधल्या पोकळ्यांत खुद्द हिमयुगातले पाणी अजून अडकून आहे. ते आजच्या पाण्यात हळूहळू मिसळत असले तरी पुरते मिसळलेले नाही. डॅनियल श्रॅग व त्याच्या सहकाऱ्यांनी ते पिळून काढून मोजले, मिसळण्याचे गणित उलट दिशेने सोडवले, आणि हिमयुगाचा समुद्र आजच्यापेक्षा दरहजारी सुमारे १.० ने जड होता, असे सिद्ध केले. दोन्ही पक्षांचे आकडे चुकले. पण शॅकलटनचा पक्ष सत्याच्या अधिक जवळ होता, आणि आपली चूक आपणच शोधून काढण्याचे धैर्यही त्याच्याच ठायी दिसले, हे मी मुद्दाम नमूद करतो.

तरीही एवढ्याने मीटरांत उत्तर मिळत नाही. पातळी १० मीटर उतरली तर समुद्र दरहजारी सुमारे ०.१ ने जड होतो, आणि मोजमापातली अनिश्चितताही जवळपास तेवढीच. म्हणून कवचांच्या आलेखाला कोठेतरी खुंट्या ठोकाव्या लागतात, आणि त्या प्रवाळांनी पुरवल्या. बार्बाडोस बेटाजवळ वाढणारे सांबरशिंगी आकाराचे आक्रोपोरा पाल्माटा हे पोवळे, त्याच्या शरीरात राहणाऱ्या शैवालांना प्रकाश लागत असल्यामुळे, पृष्ठभागापासून पाचसहा मीटरांच्या आतच जोमाने वाढते. तेव्हा ते मेलेल्या अवस्थेत शंभर मीटर खाली सापडले, तर समुद्र त्या काळी कोठे होता हे सांगायला दुसरा पुरावा नको. रिचर्ड फेअरबँक्सने तेथील समुद्रात छिद्रे पाडून काढलेल्या प्रवाळांवरून १९८९ मध्ये दाखवले, की शेवटच्या हिमयुगाच्या परमावधीत समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२१ मीटर खाली होता. आणि तो वर आला तो संथ गतीने नव्हे, तर मधूनमधून उसळ्या घेत. बार्बाडोस स्वतः हळूहळू वर उचलले जात आहे, म्हणून त्या उचलण्याचीही वजावट करावी लागते. पण येथे ती ठाऊक आहे. न्यू गिनीच्या हुऑन द्वीपकल्पावर तर ही उचल इतकी वेगवान आहे, की जुन्या प्रवाळभित्ती जिन्याच्या पायऱ्यांसारख्या डोंगरावर चढत गेल्या आहेत, आणि प्रत्येक पायरी समुद्राच्या एका मुक्कामाची खूण आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरही अशी एक खूण आहे. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर रुंद असून तिच्या बाहेरच्या भागात, सुमारे ५० वाव पाण्याखाली, चुनखडीचे एक सपाट पठार पसरले आहे. त्याच्या खडकांत वाळूच्या कणाभोवती चुन्याची पुटे चढून झालेले मोतीदार गोल कण सापडतात, आणि असे कण केवळ उबदार, उथळ, सतत खळबळणाऱ्या पाण्यातच घडतात. त्यांचे वय सुमारे नऊ ते अकरा हजार वर्षे भरते. गोव्यातील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अशा नमुन्यांवरून जो आलेख १९९५ मध्ये मांडला, त्यात सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र १०० मीटर खाली आहे आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या जवळ आला आहे. या अवधीच्या आरंभी कोकणचा माणूस किनाऱ्यावरून पश्चिमेस चालत निघाला असता, तर आज जेथे ट्रॉलर जाळी ओढतात त्या प्रदेशातून तो कित्येक मजल कोरड्या पायांनी गेला असता.

पण सर्वांत सुंदर पुरावा मला तांबड्या समुद्राचा वाटतो. आगबोटीने विलायतेस जाणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना एडन सोडल्यावर जी बाब-एल-मंदेबची सामुद्रधुनी लागे, तिच्या पलीकडे, हनीश बेटांजवळ, समुद्रतळावर एक उंबरठा आहे. आज त्यावर केवळ १३७ मीटर पाणी आहे. तांबड्या समुद्राला नदी नाही, पाऊस जवळजवळ नाही, आणि उन्हाने वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी उडून जाते. ही तूट भरून येते ती या उंबरठ्यावरून आत येणाऱ्या पाण्याने, आणि साचलेला खारटपणा बाहेर जातो तोही येथूनच. आता बाहेरचा महासागर १२० मीटर उतरला, म्हणजे उंबरठ्यावर पंधरावीस मीटरच पाणी उरले, येणेजाणे आखडले, आतले पाणी दीर्घकाळ कोंडून उन्हात आटत राहिले, क्षार वाढले आणि हलका ऑक्सिजन वाफेवाटे निघून जाऊन जड ऑक्सिजन साचला. त्यामुळे खुल्या महासागरात जो फरक चिमटीभर दिसतो, तो येथे कित्येक पट मोठा होऊन कवचांत उमटतो. एल्को रोलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या कोंडलेल्या समुद्राचे गणित बसवले, आणि १९९८ पासून पुढच्या काळात गेल्या पाच लाख वर्षांतली पातळी तेथल्या गाळावरून सुमारे १२ मीटरांच्या अनिश्चिततेने वाचून दाखवली. हिमयुगाच्या ऐन परमावधीच्या थरांत तर तरंगती फोरॅमिनिफेरा नाहीशीच होतात, कारण क्षारता त्यांच्या सोसण्यापलीकडे जाते. कवच नसणे हीही तेथे एक नोंदच आहे. सामुद्रधुनी पूर्णपणे बंद मात्र कधी पडली नाही, असे या हिशेबावरून दिसते. पडली असती, तर तांबडा समुद्र मिठागर झाला असता.

आपल्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत मात्र पृष्ठवासी कवचांची साक्ष अधिक काळजीने घ्यावी लागते, कारण येथे तिसरे खाते उघडते ते पावसाळ्याचे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या महापुरांनी बंगालच्या उपसागराचे पृष्ठजल गोडे आणि हलके होते, आणि तेथील कवचात ती वजावट आपोआप उतरते. फ्रेंच शास्त्रज्ञ दुप्लेसीने १९८२ मध्ये याच नडीचा उपयोग करून घेतला आणि हिमयुगात नैर्ऋत्य मोसमी पाऊस क्षीण झाला होता, असे दाखवले. समुद्राच्या पातळीच्या अभ्यासकाला जी अडगळ, ती पर्जन्याच्या अभ्यासकाला संपत्ती.

दूरच्या भूतकाळात गेले, म्हणजे जुनी अडचण पुन्हा उभी राहते, कारण तेथे प्रवाळांच्या खुंट्या नाहीत आणि चिखलात जुने पाणीही उरलेले नाही. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी तळवासी कवचे एकाएकी दरहजारी एकाहून अधिक जड झाली. अंटार्क्टिकावर हिमस्तर प्रथम पसरला तो याच काळात. पण ही सर्व रक्कम बर्फाच्या नावे घालू गेल्यास अंटार्क्टिकाला पेलणार नाही एवढा बर्फ होतो. तेव्हा काही भाग थंडीचा मानावाच लागतो, आणि किती, हे ऑक्सिजनचा आकडा एकटा सांगत नाही. काहींनी कवचातल्या मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून तापमान वेगळे काढण्याचा मार्ग धरला. दुसरा मार्ग प्रसेनजित घोष या आपल्या देशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत जॉन आयलरच्या प्रयोगशाळेत असताना २००६ मध्ये दाखवला. पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. कवचात जड कार्बन आणि जड ऑक्सिजन हे एकमेकांच्या शेजारी किती वेळा येतात, हे केवळ तापमानावर अवलंबून असते. पाणी जड होते की हलके, याची चौकशीच करावी लागत नाही. एक खाते अशा रीतीने स्वतंत्रपणे मिळाले, की एकूण आकड्यातून ते वजा करून दुसरे काढता येते. पण असे जोडीचे रेणू फारच थोडे असतात, म्हणून पदार्थ पुष्कळ लागतो. एका थराच्या एका मोजणीसाठी एकाच जातीची शेकडो तळवासी कवचे वेचावी लागतात, आणि ती जात त्या थरात मुळातच विरळ असते. म्हणून प्रयोगशाळेत अजूनही कोणीतरी काळ्या तबकडीवर वाकून, ओल्या कुंचल्याच्या टोकाने, एकेक कवच टिपीत बसलेले असते.